मांडीवरचा टोप आणि दुसरा गिअर

माझा नवरा गाडी फार छान चालवतो, फक्त त्याला ती थांबवता येत नाही. म्हणजे थांबते, पण कशी, ते आतल्या माणसांना विचारावं. तो शिकला टेम्पोवर, आणि तेही अशा उस्तादाच्या हाताखाली की ज्याला डिझेल वाचवण्यापलीकडे दुसरा धर्म नव्हता. उतार आला, काढ गिअर. सिग्नल दिसला, काढ गिअर. मग गाडी आपली आपण घरंगळत निघते, आणि पुढच्या ट्रकच्या मागं लिहिलेली शायरी नीट वाचता येऊ लागली की हा ब्रेकवर अक्षरशः उभा राहतो. याला ‘न्यूट्रल मारणं’ म्हणतात, आणि आमच्या शेलार गावात ज्याला ते येत नाही त्याला कुणी ड्रायव्हर समजत नाही.

या न्यूट्रलपायी आमच्या घरात एक फार वाईट गोष्ट घडली. सासूबाईंची धाकटी बहीण गणेशपुरीजवळ राहते. तिचे गुडघे गेलेत, ती घराच्या ओटीवरून खाली उतरत नाही. सासूबाईंना एस.टी.चा वाससुद्धा सहन होत नाही, वाटेतलं कवाड गाव यायच्या आत त्यांच्या पोटातलं सगळं बाहेर येतं. म्हणून आम्ही जुनी का होईना, गाडी घेतली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद या दोन म्हाताऱ्यांना झाला होता.

पहिल्याच फेरीला सासूबाईंनी बहिणीसाठी सुक्या बोंबलांचं कालवण केलं. बहिणीकडे जायचं तर टोप भरून न्यायचा, आणि तो डिकीत नाही, मांडीवर धरून न्यायचा, अशी त्यांची रीत. डिकीत ठेवलेलं अन्न म्हणे सामान होतं. अंबाडी नाक्याच्या अलीकडे नवरा नेहमीप्रमाणे न्यूट्रलमध्ये वाहत चालला होता, आणि एक म्हैस रस्त्यात विचार करत उभी राहिली. गाडी थांबली. कालवण थांबलं नाही.

नवी साडी, सीट, गिअरचा दांडा, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळीकडे बोंबील. तिथूनच परत फिरलो. पावसाळाभर त्या गाडीला वास येत होता, आणि गल्लीतली मांजरं तिच्याकडे फार आशेनं बघायची. सासूबाईंनी घरी येऊन अंघोळ केली आणि जाहीर केलं, “मी आता गाडीन न्हाय बसाची. मेली तरी न्हाय.”

नवरा म्हणाला, “अगं आई, म्हैस होती!”

“म्हशीला काय बोलू? ती कुठं गाडी चालवीत व्हती?”

मग राहिला फक्त फोन. रोज संध्याकाळी दोघी बहिणी इतक्या मोठ्यानं बोलायच्या की फोन नसता तरी चाललं असतं. मावशी शेवटी दर वेळी एकच विचारायच्या, “कधी येतंस गो?” आणि सासूबाई दर वेळी म्हणायच्या, “येतंय, येतंय, लावणी होऊ दे.” लावणी झाली, कापणी झाली, परत लावणी आली. फोन ठेवला की त्या तो रिकामा टोप काढून उगाच पुसत बसायच्या. मला ते बघवत नसे. मी ठरवलं, यांना मी नेणार.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना पहिल्याच दिवशी विचारलं, गाडी हळू करताना गिअर कसा उतरवायचा? ते म्हणाले, “मॅडम, टेस्ट में सिर्फ आठ काढायचाय. गिअर का टेन्शन मत लो.” मी मैदानात गाडीनं आठचा आकडा काढला, लायसन्स मिळालं, आणि गिअरचं टेन्शन तसंच राहिलं.

मी राहनाळला एका गोदामाच्या ऑफिसात आहे. रविवारी तिथल्या गल्ल्यांतून कंटेनर फिरत नाहीत. घरातला तोच टोप पाण्यानं भरून शेजारच्या सीटवर ठेवायचा आणि गोदामांच्या मधून गाडी फिरवायची, असा माझा क्लास सुरू झाला. पहिल्या रविवारी पाणी टोपात कमी आणि माझ्या चपलेत जास्त होतं. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकलं की गाडी अशी उसळी घ्यायची, जणू मी तिचा काही अपमान केलाय. चूक कळायला वेळ लागला. वेग न उतरवताच मी गिअर उतरवत होते, आणि वर क्लचवरचा पाय विंचू चावल्यासारखा उचलत होते.

शेवटी मदतीला आले कान. आमच्या घराला लागूनच पॉवरलूम आहे. लग्नानंतरची सगळी वर्षं त्या खटखटाटात गेल्यावर लूम कधी सुखात चाललाय आणि कधी कुरकुरतोय, हे झोपेतही कळतं. इंजिनाचं तेच. आधी ब्रेकनं वेग उतरवायचा. क्लच दाबायचा, दुसरा टाकायचा, उजव्या पायानं इंजिनाला जरासा आवाज करायला लावायचा आणि मग क्लच हळूहळू सोडायचा. जमलं की आवाज सलग राहतो, कुणी कुणाला ओढत नाही. पाण्यावर नुसती एक सुरकुती येते.

गोदामाचा वॉचमन लांबून हे बघत असे. गाडीत बाई एकटी, शेजारी पाण्याचा टोप, आणि त्याच गल्लीत फेऱ्यांवर फेऱ्या. एकदा जवळ येऊन हळूच म्हणाला, “भाभीजी, कोई मन्नत है क्या?” मी म्हटलं, हो. तेव्हापासून टोप दिसला की तो हात जोडायचा.

सासूबाईंना तयार करणं त्याहून अवघड होतं. मी एका सकाळी त्यांना अंगणात आणून भरलेला टोप सीटवर ठेवला, गावाला एक फेरी मारली आणि टोप दाखवला. त्यांनी सीटवर हात फिरवला. कोरडी होती. दुपारी बोंबील भिजत घातलेले दिसले.

निघालो. मांडीवर चुंबळ, चुंबळीवर टोप, नाकाशी लिंबू, अशा त्या पुढे बसल्या. नवऱ्याला मागं बसवलं होतं. उतार आला की तो मागून कळवळून म्हणायचा, “अगं न्यूट्रल कर, फुकट पेट्रोल जातंय!” सासूबाई मान न वळवता म्हणायच्या, “तू गप ऱ्हा. तुझं बघलंय.” अंबाडीला तर म्हैससुद्धा भेटली. तीच असावी. मी ब्रेक, तिसरा, दुसरा असं करत तिच्यापाशी पोचेपर्यंत तिचा विचार संपून ती निघूनही गेली.

मावशींच्या दारात मी विजयी मुद्रेनं टोप घेतला आणि झाकण उघडायला गेले. उघडेना. झाकणाच्या कडेनं सगळीकडून कणीक थापून ते पक्कं बंद केलेलं होतं. पदराखाली मला ते दिसलंच नव्हतं. सगळे रविवार, सगळी ओली चप्पल, सगळं त्या कणकेपुढं फुकट गेलं. मला खूप लागलं ते. मागून नवरा हसला, त्याचं मात्र मी नंतर बघितलं.

दोघी बहिणी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. इतकी वर्षं ओरडून बोलणाऱ्या त्या दोघींना समोरासमोर बोलायला काही सुचेना. मग मावशींनी कालवण चाखलं, “मीठ जास्ती झालाय,” म्हणाल्या, आणि सगळं सुरळीत झालं.

निघताना टोप रिकामा कसा द्यायचा, म्हणून मावशींनी त्यात ताक भरलं, अगदी गळ्यापर्यंत. आपल्या सुनेला म्हणाल्या, “कणीक आण गो, झाकण लावू.”

सासूबाई चुंबळ मांडीवर ठेवून गाडीत बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केले. “कणीक नको. झाकण पण नको. दे असाच.”

“सांडंल ना!”

“न्हाय सांडाचा. माझी सून चालवतंय.”

मी गाडी सुरू केली. मागून न्यूट्रलबद्दल एक शब्द आला नाही. वज्रेश्वरी मागं पडलं आणि मला शेजारून घोरणं ऐकू आलं. आयुष्यात कुठल्याही गाडीत डोळा न मिटलेली ती बाई, उघडा टोप दोन्ही हातांत धरून, गाढ झोपली होती. मला रडूच यायला लागलं. पण रडायला सवड नव्हती, पुढं स्पीडब्रेकर होता. मी ब्रेक दाबला आणि दुसरा गिअर टाकला.