योग करताना मोडलेलं हाड

"गिरी कैसे?" एक्स-रे बघत डॉक्टरांनी विचारलं.

"गिरी नहीं. योग कर रही थी."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हाडांच्या ओपीडीत ही सबब त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकली असावी.

माझ्या मुलीचं फीमर, म्हणजे मांडीचं हाड, गुडघ्याच्या जरा वर मोडलं होतं. कारण ऑस्टियोपेनिया. ज्या मुलांचं वजन पायांवर फारसं पडत नाही त्यांची हाडं विरळ होत जातात. पडायची गरज नसते, कुणी जोराने पाय वळवला तरी पुरतं.

माझी मुलगी इरा नऊ वर्षांची आहे. तिला स्पास्टिक सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे पाय कायम ताठ आणि कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. बुद्धी शाबूत, जीभ जरा जास्तच शाबूत. त्याआधीच्याच हिवाळ्यात ती पहिल्यांदा फिजिओथेरपीच्या दांड्या धरून उभी राहिली होती. प्लास्टर निघाल्यावर पुन्हा उभी राहील ना, असं मी विचारलं.

"देखते हैं," डॉक्टर म्हणाले.

हे 'देखते हैं' ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठीच मी हे लिहिते आहे.

योगाशी माझं भांडण नाही. थेरपी सेंटरमधल्या कल्पनाताई मुलांना खुर्चीत बसवून योग शिकवत. हात वर नेताना श्वास घ्यायचा, खाली आणताना सावकाश सोडायचा. पायांना त्या हातही लावत नसत. "पाय तिचा आहे. ती सोडेल तेव्हा सुटेल," म्हणत. आणि खरंच, दहा-बारा श्वासांनंतर इराची कात्री थोडी उघडायची. त्या रात्री तिला झोप लागायची, म्हणजे मलाही.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, हे पसंत नव्हतं. आमच्या घराण्यात कधीकाळी इथल्या मराठी संस्थानाच्या दरबारचं पौरोहित्य होतं, त्यामुळे योग ही त्यांना घरची इस्टेट वाटते. "खुर्चीवर बसून करतात त्याला योग नाही म्हणत, सूनबाई. त्याला वेटिंग रूम म्हणतात." अण्णांचे गुडघे गेल्यापासून ते स्वतः पूजा स्टुलावर बसून करतात. मी तेवढंच बोलून दाखवलं.

मग सेंटरने योग दिवस साजरा करायचं ठरवलं. हॉल, फुलं, मुख्य अतिथी. मुलं मंचावर खुर्च्यांत बसून श्वासाचे व्यायाम दाखवणार होती. इरा आठवडाभर आरशासमोर हात वर-खाली करत होती.

आपल्या शहरात पाहुणा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर माणसं येतात, त्या माणसांबरोबर त्यांची माणसं, आणि उभं कुणीच राहत नाही. खुर्च्या कमी पडल्या. तेव्हा एका आयोजकांना मंचावरच्या खुर्च्या दिसल्या. "बच्चे तो वैसे भी योग करेंगे, नीचे बैठ जाएँगे." कल्पनाताई आडव्या आल्या. त्यांना सांगितलं गेलं, "मॅडम, प्रोग्राम के बाद."

आम्ही पालक सोफ्यांच्या मागे, सगळ्यात शेवटी. सत्कार संपले, पडदा उघडला आणि मुलं सतरंजीवर दिसली. इराचे पाय सरळ समोर आलेले. पांढऱ्या कपड्यातल्या एका स्वयंसेवकाला ते ओळीत विचित्र दिसले असावेत. मी उठून धावले, पण मधे सोफे होते. तो "आराम से, बेटा" म्हणत तिची मांडी घालून देत होता.

इराची किंकाळी माइकने पकडली. निवेदक म्हणाला, "ज़ोरदार तालियाँ! बच्चों का उत्साह देखिए!"

टाळ्या पडल्या.

प्लास्टरमधले दिवस वाईट गेले. स्पॅझम म्हणजे स्नायू अचानक आवळले जाणं, आणि प्लास्टरच्या आत आवळलेल्या स्नायूला जायला जागा नसते. आयोजक सफरचंदं घेऊन आले, "होनी को कौन टाले" म्हणाले आणि निघून गेले. अण्णांनी ती पिशवी उचलून वॉर्डाबाहेर ठेवली. येऊन ते इराच्या पायाशी बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी स्टुलावर बसतो तेव्हा मला कुणी ओढून खाली नाही बसवत."

मुलांना योग जरूर शिकवा. आधी डॉक्टरांना हाडांबद्दल विचारा. जो शिक्षक पाय ओढतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. आणि मंच असेल तर पायरीपाशी बसा, कुणी उठवलं तरी.

प्लास्टर निघालं तेव्हा तो पाय बारीक, पिवळट आणि पूर्वीपेक्षा ताठ होता. महिने गेले. कल्पनाताईंनी ते सेंटर सोडलं, आता त्या घरी येतात. इरा पुन्हा दांड्यांपाशी गेली ती पुढच्या हिवाळ्यात. डॉक्टर म्हणाले, "समझिए, साल भर पीछे चले गए."

त्या दिवशी ती उभी राहिली. पूर्वीपेक्षा वाकडी, थरथरत. तिच्या बाबांनी फोन काढला.

"बाबा, फोटो नको ना," ती धापा टाकत म्हणाली. "सगळे देखते हैं तो मला हसावं लागतं. हसले की पाय कडक होतात."

त्यांनी फोन खिशात टाकला. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, आणि आमच्या पाठीमागे ती किती वेळ उभी होती ते मला माहीत नाही.