वंदनाच्या डोहाळजेवणाच्या करंज्या

केदारखेड्याची शालू हूं की चूं करत नाही, असं गाव अकरा वर्षं म्हणत आलं होतं. हसनाबादहून लग्न होऊन आली, तेव्हापासून सासूबाईंनी सांगावं आणि तिनं करावं. अशा सुनेला गाव गुणाची म्हणतं. तो गुण नेमका कोणाच्या सोयीचा, हे विचारायला मात्र कोणाला सवड नसते. करंज्या म्हटलं की शालूच्याच हातच्या. पारी पातळ लाटायची, सारण बेतानं भरायचं आणि कडेला बोटांनी अशी मुरड घालायची, की एकही करंजी कढईत तोंड उघडायची नाही. शेजारपाजारची कितीतरी बारशी आणि लग्नं या बोटांवर निभावली होती.

त्या दिवशी घरचंच कार्य होतं. नणंद वंदनाचं डोहाळजेवण. लग्नाला सात वर्षं झालेली, दोनदा दिवस राहून गेलेले, आणि आता सुखरूप सातवा महिना लागलेला. ती आणि जावई कल्याणराव वाटूरहून गाडीनं निघाले होते. शालूचा नवरा सोमेश्वर फुलं आणायला भोकरदनला गेला होता. सासूबाई साळूबाई, ज्यांना शालू आत्याबाई म्हणायची, पहाटेपासून घरभर भिंगरीसारख्या फिरत होत्या.

पण सकाळीच आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, पायलला न्हाऊ घालताना शालूला तिच्या पाठीवर एक फोड दिसला होता. पाणी धरलेला. पोरीचं अंग तर कालपासूनच कोमट होतं. "डास चावला असंल," असं शालू स्वतःशीच म्हणाली, पोरीला लांब बाह्यांचा झगा घातला, तापाचं औषध पाजलं आणि आतल्या खोलीत निजवलं. खोटं दुसऱ्याला सांगण्यापेक्षा स्वतःला सांगणं सोपं. उलट विचारणारं कोणी नसतं.

घरात देवी आल्या, म्हणजे लेकराच्या अंगावर कांजण्या उठल्या, की कढई चढवायची नाही. तळण नाही, फोडणी नाही, पाहुणा नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा आणि देवी उतरेपर्यंत गप बसायचं. हे शालूला लहानपणापासून ठाऊक होतं. अंगणवाडीत आशाताई नंदाबाईंनी सांगितलेलंही तिनं ऐकलं होतं, की पोटुशी बाईला कांजण्या झाल्या तर तिच्या आणि बाळाच्याही जिवावर बेतू शकतं. देव आणि दवाखाना कधी नव्हे ते एका मताचे झाले होते, आणि मधोमध शालू मूग गिळून बसली होती.

नऊला कढई चढली. साळूबाईंनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, कारण तळणाला नजर लागते. पहिल्या घाण्याच्या करंज्या टम्म फुगून वर आल्या. त्यांच्यावर झाऱ्यानं तेल सोडता सोडता शालूनं तोंड उघडलं.

"आत्याबाई, पायलचं अंग जरा..."

"शालू!" साळूबाईंनी हात वर केला. "कढईपाशी वंगाळ बोलू न्हाई. सात वर्षांनी हा दिस दिसून राह्यला. आज काई सांगू नको मला."

झालं. अकरा वर्षांची सवय कामी आली. शालूनं मान खाली घातली आणि पुढची पारी लाटायला घेतली.

दहा वाजता फोन वाजला. वंदनानं जालना सोडलं होतं. आवाजात नुसता आनंद. "आईला सांगा वहिनी, लई भूक लागली."

शालू हात पुसून आतल्या खोलीत गेली. पायल झोपेत पोट खाजवत होती. तिनं झगा वर केला. पोटावर, काखेत, कानामागं, सगळीकडं फोड. आता डासाचं नाव घ्यायलाही जागा उरली नव्हती. शालूला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. ती परत कढईपाशी आली, दोन करंज्या सोडल्या आणि तेलाकडं बघत राहिली. बोलली तर हा दिवस मोडणार होता, मोडणारी म्हणून तिचंच नाव जन्मभर घेतलं जाणार होतं. न बोलली तर वंदना येऊन सगळ्यात आधी पायलला मांडीवर घेणार होती. भाचीवर तिचा जीव होता.

पुन्हा फोन. राजूर मागं पडलं होतं, म्हणजे गाडी आता अगदी जवळ.

शालूनं गॅस बंद केला, वंदनाला उलट फोन लावला, तो लागेना. करंज्या तेलातच राहिल्या.

"अगं, काय करून राह्यलीस? कच्च्या हायेत त्या!" साळूबाई ओरडल्या.

शालू थांबली नाही. दार उघडून, पिठाच्या हातांनी, अनवाणीच ती रस्त्याकडं धावत सुटली. मागून साळूबाई हाका मारत येत होत्या. वळणावर गाडी दिसली तशी ती सरळ रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. कल्याणरावांनी करकचून ब्रेक दाबला.

"काचा वर घ्या! ताई, उतरू नका!" शालू दुरूनच ओरडली. "पायलला देवी आल्यात. अंगभर. तुम्ही घरी येऊ नका."

वंदनाचा चेहरा पडला. काचेआडूनच तिनं विचारलं, "मला लहानपणी आल्त्या का? आई, सांग ना."

धापा टाकत आलेल्या साळूबाई जागच्या जागी थिजल्या. "न्हाई," त्या म्हणाल्या. "समद्यांना आल्त्या. तुला तवा मामाकडं धाडलं होतं." मग त्यांनी जावयाला हात केला. "गाडी वळवा. जल्दी. आधी जालन्याला डॉक्टरला इचारा, मंग घरी जा."

वंदना रडत होती. गाडी वळली आणि आल्या वाटेनं गेली.

साळूबाई सुनेकडं वळल्या. "कवापासून ठाऊक होतं तुला?"

"सकाळपासून."

"सकाळपासून! तवाच बोलली असतीस तर माझी पोरगी वाटूरातून निघालीच नसती."

शालूनं मान वर केली. "चुकलं माझं. पण आत्याबाई, बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?"

अकरा वर्षांत सुनेनं पहिल्यांदाच उलट प्रश्न विचारला होता. साळूबाईंनी रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "नसतं ऐकलं."

पदरानं त्यांनी डोळे पुसले आणि शालूचं पिठानं माखलेलं मनगट धरलं.

"चल जल्दी. पोरगी एकटीच हाय घरात."