घोडनवरीचं स्थळ

परभणीत लग्न झालेल्या माणसांचे दोनच प्रकार आहेत: आमच्या गल्लीतल्या गुरुजींनी ज्यांचा मुहूर्त काढला ते, आणि पस्तावलेले. ही वर्गवारी गुरुजींची स्वतःची आहे. सत्यनारायणाचा प्रसाद वाटता वाटता, समोर पस्तावलेल्यांपैकी कोणी बसलेलं असलं तरी, ते ती मोकळेपणाने सांगतात. धोतर, त्यावर मुलाने पुण्याहून पाठवलेलं स्पोर्ट्स जॅकेट, खिशात पंचांग आणि काखेत बारमाही छत्री, असे गुरुजी गल्लीच्या तोंडाशी दिसले की लग्नाच्या वयाच्या मुली घरात शिरतात आणि त्यांच्या आया बाहेर येतात. मी शिरणाऱ्यांपैकी. मुलीच्या बापाला गुरुजींचा एकच उपदेश असतो: "थोडी तडजोड करावी लागते, साहेब. सर्वगुणसंपन्न मुलगा फक्त जाहिरातीत असतो." त्यांच्या भाषेत मुलगा चारचौघांत तोंड उघडत नसेल तर तो मितभाषी असतो. सासू कजाग असेल तर घर शिस्तीचं असतं. आणि मुलगा दिवसभर काहीच करत नसेल तर तो वडिलोपार्जित शेतीत लक्ष घालतो. या भाषेच्या जोरावर त्यांनी निम्म्या जिल्ह्याचे हात पिवळे केले आहेत. असा माणूस एका लंगड्या घोडीसाठी गावोगाव स्थळं पाहत फिरला आणि एकामागून एक नाकारत आला, हे मी सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण मी साक्षीदार आहे. शिवाय स्कूटी माझी होती.

घोडी आमच्या मागच्या गल्लीतल्या बँडमालकांची. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. घोडीचं नाव बिजली. गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत नवरदेवाच्या मित्रांनी फटाक्यांची माळ नेमकी तिच्या पायाशी लावली. ती उधळली आणि तिचा मागचा पाय नालीच्या फुटक्या फरशीत गेला. नवरदेव मित्रांच्याच अंगावर पडल्यामुळे त्याला खरचटलंही नाही. अक्षता वेळेवर पडल्या, आणि पंगती उठेपर्यंत घोडीचा विषय कोणी काढला नाही. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. डॉक्टरांनी सांगितलं की ती चरेल, हळूहळू चालेल, पण आता तिच्या पाठीवर कोणी बसायचं नाही. वरातीच्या घोडीला हे सांगणं म्हणजे गुरुजींना मौनव्रत सांगण्यासारखं. मास्तर काही वाईट माणूस नाहीत. त्यांनी महिनोन्महिने तिला बसवून खाऊ घातलं. पण एक दिवस ते गुरुजींच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "तुळशीच्या लग्नाआधी नवी घोडी यायलीय. माझ्याकडं जागा एकाच जनावराची हाय. हिला बाजारात नेतो म्हणतो."

"लंगडी घोडी बाजारात कोण घेतं?"

"घेणारे हायेत की," मास्तर म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले. घेणारे कोण, हे दोघांनाही माहीत होतं.

"तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा. मी स्थळ बघतो."

"तुमी कशाला तकलीफ घ्यायलात गुरुजी? तुमचा काय संबंध?"

"मुहूर्त माझा होता."

"आवो, पण लगीन तर चांगलं झालं ना?"

"त्या मुहूर्तात तिघं होते, मास्तर," गुरुजी म्हणाले. "मी दोघांचंच पाहिलं."

गुरुजी स्थळ बघतो म्हणाले ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली आणि कोणीतरी लगेच बिजलीला 'घोडनवरी' म्हणून टाकलं. हा शब्द आमच्या गल्लीत आधीपासून वापरात होता. तो कोणासाठी वापरला जात होता हे मला ठाऊक असल्यामुळे मी त्यावर हसले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी आमच्या घरी आले. मी आत शिरायच्या आधीच त्यांनी मला गाठलं आणि घोडीचा बायोडेटा टाइप करायला सांगितलं, मराठीत आणि इंग्रजीतही. "तू इंग्रजी शाळेतली. घेणारा शिकलेला निघाला तर?" मी 'रंग: पांढरा' लिहिलं. गुरुजींनी ते 'पिवळसर पांढरा' करायला लावलं. मी पायाचा उल्लेख शेवटी केला होता, तो त्यांनी सगळ्यात वर घेतला. "दोष आधी सांगावा. मागून कळला की सासरचे छळतात." माझा बायोडेटाही यांनीच केला होता. ज्या मुलीच्या हातून दूध हमखास उतू जातं तिला त्यात त्यांनी गृहकृत्यदक्ष म्हटलं होतं आणि चष्म्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पहिली चौकशी नालेसाठी आली. काळ्या घोड्याची नाल दाराला ठोकायची होती. घोडी पांढरी आहे म्हटल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "मग काय झालं? नाल तर काळीच असती ना." त्यानंतरचं स्थळ मानवतचं, एका नव्या इंग्रजी शाळेचं. शाळेच्या फलकावर जलतरण तलाव, संगणक कक्ष आणि घोडेस्वारी असं आधीच छापून झालं होतं. फक्त घोडी यायची होती. गुरुजींनी संस्थाचालकांना आधी दोष सांगितला. ते म्हणाले, "चालायची गरजच न्हाई गुरुजी, फाटकापाशी उभी ऱ्हाईली तरी लय झालं. पालकांना दिसली पायजे." गुरुजींनी जलतरण तलाव बघायची इच्छा व्यक्त केली. तलाव होता. त्यात बाकं रचून ठेवली होती. अशाच एका शाळेत मी चौदा वर्षं काढली आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. गुरुजींनी मात्र त्या बाकांकडे बराच वेळ पाहिलं. परत येताना मानवत सुटल्यावर स्कूटीवर मागून आवाज आला, "उद्या तिच्यावरही असंच काहीतरी रचून ठेवतील."

जिंतूरचं स्थळ खरोखर चांगलं होतं. रस्त्याला लागून फार्महाऊस, भरपूर चारा, हौशी मालक. गुरुजींनी चाऱ्याचा वास घेतला, पाणी स्वतः पिऊन पाहिलं, गड्याला बाजूला घेऊन मालक दारू पितात का हेही विचारलं. मग घोडीला जिथे बांधणार ती जागा बघितली. तिथे आरशासारखी चकचकीत फरशी होती.

"इथे घसरेल ती," गुरुजी म्हणाले.

"फरशी इटालियन हाय, गुरुजी," मालक म्हणाले.

"पाय इथलेच आहेत पण."

"मग पायात बूट घालू की. ऑनलाइन भेटायलेत आता."

गुरुजींनी खिशातून पंचांग काढलं, चष्मा लावला, पानं उलटली आणि खेदाने मान हलवली. घोडीच्या राशीला उत्तरेचं पाणी वर्ज्य होतं. मालक एकदम गंभीर झाले. त्यांनी गुरुजींच्या पाया पडून नारळ दिला आणि थोडक्यात वाचलो असं म्हणाले. परतीच्या रस्त्यावर मी गुरुजींना आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला, "बिजलीची रास कोणती?"

"कुणाला माहीत, बेटा. जन्मवेळ कुठे आहे तिची?"

"मग ते उत्तरेचं पाणी?"

"आपण नाही म्हटलं की माणसाला राग येतो. ग्रहांनी नाही म्हटलं की तो नारळ देतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन वर्षांपूर्वी माझं एक स्थळ एकनाडीमुळे फिस्कटलं होतं. मुलगा सरकारी नोकरीतला, बाबा तर तारीख धरूनच बसले होते. मुलाच्या आईने चहाचा कप खाली ठेवायच्या आत माझ्या नोकरीचा राजीनामा, माझे केस आणि माझं नाव यांचा निकाल लावला होता, आणि मी नेहमीप्रमाणे बशीकडे बघत बसले होते. गुरुजी त्या दिवशी कोपऱ्यात पोहे खात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकनाडी काढली. आईने आठवडाभर सुतक पाळल्यासारखा स्वयंपाक केला. मी आरशातून मागे पाहिलं. गुरुजी दोन्ही हातांनी छत्री आणि नारळ सांभाळत होते.

"गुरुजी, माझी नाडी खरंच..."

"पुढे बघ. ट्रक यायलाय," गुरुजी म्हणाले.

दिवाळी आली आणि गेली. नवी घोडी ठरल्यापेक्षा आधीच आली, तगडी, शुभ्र, कपाळाला झालर. बिजलीला रस्त्याच्या कडेला विजेच्या खांबाला बांधलं. एक टेम्पोवाला येऊन तिला बघून गेला. त्याने तिचा पाय पाहिला नाही, दातही पाहिले नाहीत, नुसता अंगावरून हात फिरवून अंदाज घेतला. गुरुजी ओट्यावरून ते बघत होते. त्या आठवड्यात एका वास्तुशांतीत त्यांनी यजमानाच्या वडिलांच्या जागी आजोबांचं नाव घेतलं, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही याचंही त्यांना वाईट वाटलं. मला म्हणाले, "तो इटालियनवाला काय वाईट होता गं? सतरंजी टाकली असती." मी त्यांना म्हणाले, "सतरंजीवरून घसरली असती." ते म्हणाले, "हो, तेही आहे," आणि जरा बरं वाटल्यासारखे दिसले.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी चुडाव्याहून एक बाई आल्या. गुरुजींच्या कोणा यजमानाकडून त्यांना कळलं होतं. साठीच्या, एकट्या शेती करणाऱ्या, रेल्वेने परभणीला उतरून तशाच चालत आलेल्या. मी बायोडेटा पुढे केला, तो त्यांनी घडी करून कमरेला खोचला. त्यांच्याकडे एक म्हातारा बैल होता. त्याचा जोडीदार पावसाळ्यात गेला, तेव्हापासून तो गव्हाणीत तोंड घालत नव्हता. "दुसरा बैल आणला तर त्याला हाणायलाय," त्या म्हणाल्या. "म्हनलं घोडी बघावी. तिच्याशी तरी त्याचं जुनं भांडण न्हाई."

गुरुजींनी घसा साफ केला. "दोष आधी सांगतो. मागचा डावा पाय कायमचा..."

"दिसायलाय की मला. माझा गुडघाबी तसाच हाय."

"काम काही करता यायचं नाही तिला."

"काम मी करते. तिनं त्याच्या म्होरं बसून खाल्लं म्हंजी झालं."

"बांधायची जागा कशी आहे?"

"मातीची. शेणानं सारवते."

गुरुजींचा हात खिशात गेला आणि पंचांग बाहेर आलं. सवयीने काढलं की नाही म्हणायला काढलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं.

"ते ठिवा गुरुजी. मला लगीन लावायचं न्हाई. सोबत पायजे."

पंचांग मिटायला सांगणारं माणूस गुरुजींना आजवर भेटलं नसावं. त्यांनी ते मिटलं. मग बाईंना चहा घेणार का असं अगदी हळू आवाजात विचारलं.

टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, टेम्पोवाला मात्र दुसरा होता. मास्तरांनी कोणी न सांगता बँड उभा केला. पहिला ढोल वाजला आणि बिजलीने मान ताठ केली, कान उभे केले आणि वरातीत टाकायची तशी पावलं टाकायला सुरुवात केली. तीन पाय तालात होते. चौथा पडला की ती एका बाजूला कलंडायची, आणि पुन्हा उचलायची. मास्तर तोंडात क्लॅरिनेट धरून ते बघत राहिले. गुरुजींनी थांबवायला छत्री वर केली, पण त्याआधी मास्तरांनीच हात आडवा करून बँड थांबवला. चुडाव्यापर्यंत गुरुजी टेम्पोच्या मागच्या बाजूला दोरी धरून बसून गेले.

महिन्याभराने आम्ही पॅसेंजरने तिला बघायला गेलो. गुरुजींनी गूळ आणला होता आणि जॅकेटऐवजी लग्नाला घालतात तो कोट घातला होता. बिजली आणि बैल एकाच गव्हाणीत तोंड घालून कडबा खात होते. तिच्या फासळ्या दिसायच्या बंद झाल्या होत्या. गुरुजी कुंपणाशी उभे राहिले, दोनदा खाकरले, एकदा नावाने हाक मारली. तिने एक कान फिरवला.

"वळखलं न्हाई असं न्हाई गुरुजी," बाई म्हणाल्या. "मान वर केली तर ह्यो तिच्या वाट्याचं खातो."

गुरुजींनी गूळ बाईंच्या हातात दिला आणि दोघांना सारखा द्या म्हणाले. स्टेशनवर बाकावर आम्ही दोघंच होतो. गाडीला वेळ होता. समोरच्या शेतात कोणीतरी पाण्याची मोटर सुरू केली.

"चांगली रमली," गुरुजी म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी पंचांग काढून उगाचच एक पान उलटलं आणि परत खिशात ठेवलं.

"इतक्या लवकर नको होतं रमायला," ते म्हणाले.