चौथी फ्लॉपी

नव्वदच्या दशकात मी सांगलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. आष्ट्याहून रोज एसटीने एक मुलगी यायची. तिची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. तिला वाचता यावं म्हणून ही एक प्रोग्रॅम लिहीत होती. 'म' दाबला की पडद्यावर म्हैस यायची आणि खाली ठळक अक्षरांत शब्द. चित्रं तिनं ठिपक्याला ठिपका जोडून काढलेली. एकट्या म्हशीला चार दिवस लागले होते.

मग तिला साताऱ्यात नोकरी लागली.

"सर, हे सगळं तिकडं कसं न्यायचं?"

सगळ्या फाइली दाबून त्यांचा एक गठ्ठा कसा करायचा आणि तो तुकड्यांनी चार फ्लॉप्यांवर कसा भरायचा, ते मी तिला दाखवलं. तिकडे गेल्यावर तो पुन्हा जोडायचा. आमच्या मशीनवर जागा उरली नव्हती. मी म्हणालो, "आता मूळ फाइली पुसून टाक." तिनं पुसल्या.

दीड महिन्यात साताऱ्यात काविळीनं ती गेली.

काही आठवड्यांनी तिचे वडील धाकटीला घेऊन क्लासवर आले. रुमालात चार फ्लॉप्या होत्या.

"आवं सर, ह्यात तिचं काम हाय न्हवं? तिला तिकडं उघडायला सवडच मिळाली न्हाई. हिला एकदा दावा."

पहिल्या तीन ठीक होत्या. चौथीला ड्राइव्ह नुसता करकरत राहिला. गठ्ठ्यात कुठली फाइल कुठं आहे याची अख्खी यादी त्या चौथीवरच होती, तिच्याशिवाय तो उघडेना. क्लासमधल्या प्रत्येक मशीनमध्ये मी ती घालून पाहिली. धाकटी मात्र पहिल्याच मशीनसमोर बसून 'म' दाबत होती आणि काळ्या पडद्याकडे बघत होती. ताईनं तिला पूर्वी एकदा इथंच आणून म्हैस दाखवली होती.

माझ्यानं राहवलं नाही. "मूळ फाइली मीच पुसायला लावल्या," मी सांगितलं. "आधी दुसरी प्रत करून घ्यायला हवी होती. चूक माझी."

त्यांनी फ्लॉप्या पुन्हा रुमालात बांधल्या. मग म्हणाले, "तुमास्नी तरी काय म्हाईत, ती जाईल म्हनून."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धाकटी उठेना. शेवटी त्यांनी तिला उचलून कडेवर घेतलं. चांगली आठ-नऊ वर्षांची होती. जिना उतरताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.