दहावा माणूस घरी नव्हता

दादाचं एकच बोट चालत होतं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. आधी पाय गेले, मग डावा हात, मग उजवा. मज्जातंतूंचा आजार, ज्याला औषध नाही आणि जो मागे फिरत नाही. डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितलं, "जे करायचं ते लवकर करा." मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. मोघम शब्द मला खपत नाहीत. लवकर म्हणजे किती, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, बोटाचं म्हणाल तर तीन महिने. चार धरू नका."

दादाला हवी होती बॅटरीवर चालणारी खुर्ची. चौसष्ट वर्षांचा माणूस, जन्मभर एका कंपनीत आराखडे काढले, लग्न केलं नाही, कुणाचा मिंधा राहिला नाही. आता मात्र खिडकीपाशी जायचं तरी मला हाक. मी न्यायचे, पण तोंडाने पुटपुटत न्यायचे, हे कबूल करते. या खुर्चीला हाताशी एक छोटा दांडा असतो. तो बोटाने ढकलला की खुर्ची त्या बाजूला जाते. एक बोट पुरतं.

आणि खुर्च्या होत्या. मी स्वतः पाहून आले होते. सरकारी गोदामात आठ-नऊ खुर्च्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या. ज्याच्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र, त्याला खुर्ची. प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांच्या मंडळापुढे जायचं, आणि त्याची रांग कित्येक महिन्यांची. पण दादासारख्यांसाठी एक तातडीची सोय होती. आजार झपाट्याने वाढणारा असेल तर फाइल रांगेतून काढून पुढे घ्यायची, आणि रुग्णाला हलवता येत नसेल तर डॉक्टरांनी घरी येऊन तपासायचं. मी अर्ज भरला. "रुग्णास हलविता येते काय?" या प्रश्नापुढे पेन दाबून लिहिलं, "नाही."

कार्यालयातल्या कारकुनाने फाइलवर लाल चिठ्ठी चिकटवली. चांगला माणूस होता. म्हणाला, "पंधरा दिवसांत येतील. आधी फोन करतील. तेवढा फोन चालू ठेवा, मॅडम."

मी फोन उशाशी ठेवला, ओट्यावर ठेवला, न्हाणीघरात साबणाच्या कोनाड्यात ठेवला. कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे फोनसुद्धा पहिल्या घंटीला उचलले. दिवसातून दहादा जिना उतरून खालच्या दारातली नावाची पाटी सरळ करून यायचे, जणू वाकडी पाटी पाहून डॉक्टर परत गेले असते. दादा म्हणायचा, "अगं बस जरा. तुला पाहून मलाच धाप लागते." पण मला बसवेना. रोज सकाळी मी त्याला बोट वर करायला लावायचे आणि कालच्याइतकं उचललं का ते पाहायचे. शेवटी तो चिडला. म्हणाला, "बोट माझं आहे, तुझी गृहपाठाची वही नाही."

तेराव्या दिवशी आमचा सण आला.

आम्ही कोकणातले ज्यू. घरात मराठी, देवाजवळ हिब्रू. पनवेलात आमची घरं एकेकाळी बरीच होती. बहुतेक इस्राएलला गेली, काही ठाण्याला. हा सण म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा उपास. दिवसभर अन्नपाणी नाही, काम नाही, फोन नाही. जुनी माणसं तर त्या दिवशी दारं लावून घेत आणि बाहेरच्या कुणाशी बोलत नसत. आणि आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर ती होत नाही. बायका कितीही असल्या तरी मोजत नाहीत. जन्मभर गणित शिकवलेली मी त्या मोजणीत शून्य.

आदल्या दिवशी सकाळी प्रार्थनालयाचा कारभार पाहणाऱ्या काकांचा फोन आला. एक जण मुलीकडे पुण्याला गेला होता, एकाने खुबा मोडून घेतला होता. काका म्हणाले, "नऊ झालेत. तुझा भाऊ आला तर दहा."

"त्याला हलवता येत नाही, काका. मी सरकारला तसं लिहून दिलंय."

"उचलून नेतो ना. दोन गल्ल्यांचा तर प्रश्न. वेताच्या खुर्चीत बसवू, चौघं धरू."

मी नाही म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "मी जाणार."

मी त्याच्याकडे वळले. "मी उचलून पलीकडे बसवलं तर दिवसभर तोंड फुगवतोस. आणि चार माणसांनी भर रस्त्यातून उचललेलं चालेल?"

"उद्या चालेल."

"उद्या का?"

तो जरा श्वास घेऊन म्हणाला, "उद्या मी त्यांना लागतोय."

मी त्याचा पांढरा सदरा इस्त्रीला काढला.

फोनचं काय करायचं, हे मी त्याला विचारलं. "तू ठरव," म्हणाला. समजायला लागल्यापासून त्या दिवशी मी साधा दिवा लावला नव्हता, फोन तर लांबच. म्हटलं, बारा दिवस आले नाहीत, ते नेमके उद्याच कशाला येतील! फोन बंद केला आणि कपाटात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनी दादाला जिन्यावरून उतरवलं, मी दाराला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

प्रार्थनालयात मी बायकांच्या बाजूला बसून दिवसभर त्याच्या मानेकडे पाहत होते. मान कलली की शेजारचा माणूस हाताने सरळ करायचा. ओठ मात्र हलत होते. त्याचा इतका मानी चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

संध्याकाळी घरी आलो तर शेजारीण वाट पाहत दारातच उभी. मूळची विचुंब्याची, आगरी, जीव लावणारी बाई. मी कुलूप उघडायच्या आत म्हणाली, "ताई, दोन मानसं आलेली तुमच्याकं. एक डाक्टर व्हता. फोन लागत नाय बोलले. मी सांगितला त्यांना, दादा घरी नाय, भायेर गेलेत, देवलान. चाय पन इचारली, पन थांबले नाय."

तिला वाटलं, आपण निरोप नीट दिला. तिने दिलाही होता. दादाला पलंगावर निजवलं आणि उपास सोडायच्या आधी कपाटातला फोन काढून चालू केला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्या भेटीचा कागद वाचायला मिळाला. "अर्जदार घरी आढळला नाही. बाहेर गेल्याचे शेजाऱ्यांकडून समजले." लाल चिठ्ठी काढून टाकलेली. तिथे फक्त डिंकाचा डाग राहिला होता.

"मॅडम," कारकून हळूच म्हणाला, "तुम्हीच लिहिलंय हलवता येत नाही. मग बाहेर कसे गेले?"

"चार माणसं लागली उचलायला!" माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. बाकावरचे लोक उठून पाहू लागले. मग मी त्याला दहा माणसांचं सांगितलं, उपासाचं सांगितलं, फोनचं सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. शेवटी म्हणाला, "मला पटतंय. पण हे कागदावर पाहिजे. तोवर फाइल साध्या रांगेत."

प्रार्थनालयाचं पत्र हवं होतं. काकांनी दोन पानी पत्र लिहून आणलं. आपले पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला कसे लागले, तिथून सुरुवात. मी ते त्यांच्यासमोर फाडलं आणि चार ओळी सांगितल्या. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण मुकाट्याने लिहून दिलं. मग ते पत्र घेऊन मी फेऱ्या घातल्या. साहेब रजेवर, साहेब बैठकीला, साहेब अलिबागला. मी काकांवर चिडले, कारकुनावर चिडले, उपासाच्या दिवशी सगळ्यांचं ऐकतो म्हणतात त्या देवावर चिडले. दादावर चिडायची मात्र हिंमत झाली नाही. सकाळी त्याचं बोट पाहणंही मी बंद केलं. पाहायची गरजच नव्हती, हाताशी ठेवलेल्या वाटीवर त्या बोटाने चमचा वाजवून तो मला बोलावायचा, तो आवाज हलका होत चालला होता.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा नऊ आठवडे उलटले होते. या वेळी एक तरुण मुलगी होती. तिने पाय पाहिले, हात पाहिले आणि विचारलं, "आजोबा, काय काय हलतं?" दादाने बोट दाखवलं. चादरीपासून जेमतेम उचललं गेलं. तिने खाली मान घालून लिहिलं. त्याच आठवड्यात प्रमाणपत्र आलं आणि चौथ्या दिवशी खुर्ची.

दादा ती चालवायला लागला. फ्रिजला धडकला, दाराच्या चौकटीचा टवका काढला, हसला. मला हाक न मारता खिडकीपाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. मी भाजी चिरताना नुसता तो घरघर आवाज ऐकत राहायचे.

पाचव्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर घरात आवाज नाही. खोलीत नाही, खिडकीपाशी नाही, दार सताड उघडं. मी ओल्या केसांनी जिन्यावरून धावले. आमच्या इमारतीची लिफ्ट वर्षभर बंद होती, ती त्याच आठवड्यात सुरू झालेली. शेजारणीकडून लोटलेलं दार उघडून आणि लिफ्टचं बटण दाबून घेऊन हा खाली उतरला होता. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, उन्हात बसला होता. समोरून रिक्षा जात होत्या, भाजीवाली पाणी शिंपडत होती, आणि हा ते पाहत होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो कुठे आहे हे मला माहीत नव्हतं.

मी त्याच्यावर ओरडले. भर रस्त्यात, एखाद्या सातवीतल्या पोरावर ओरडावं तशी. "न सांगता गेलास कसा? काही झालं असतं म्हणजे?" भाजीवालीचा हात थांबला. दादाने बोटाने दांडा मागे ओढला आणि खुर्ची वळवली.

त्यानंतर बोट आणखी सहा दिवस चाललं. त्या सहाही दिवसांत, खिडकीपाशी जायचं असलं तरी, तो आधी मला विचारायचा, "जाऊ?"