डोक्यावरचा खलबत्ता

भाड्याचं घर बघताना माणूस नळाचं पाणी बघतो, उजेड बघतो, मालकाचा चेहरा बघतो. आपल्या डोक्यावर कोण राहतं ते काही बघत नाही. वाचनताईनेही बघितलं नव्हतं. पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करणं हा तिचा धंदा. बेडरूममधलं कपाट रिकामं करून, आतून गोधड्या ठोकून तिने त्याचाच स्टुडिओ केला होता. भर दुपारी दार ओढून ती आत बसे आणि पुस्तकातल्या समस्त बाप्या-बायांचे आवाज एकटीच काढी.

या वेळी पहिल्यांदाच जाडजूड कादंबरी मिळाली होती. ती वेळेत झाली तर पुढची कामं पक्की. नाही झाली तर बोऱ्याबिस्तर गुंडाळून पुन्हा भावाकडे. भाऊ चांगला होता. वहिनीही चांगली होती. इतक्या चांगल्या माणसांत राहून ताई पार खंगली होती.

आणि नेमकं वरच्या काकूंना कुटायला सुचायचं. एरवी त्या घरात कुणी राहतं की नाही याची शंका यावी. पण कादंबरीतला नवरा बायकोवर ओरडायला लागला रे लागला, की वर लोखंडी खलबत्ता दणाणायला लागायचा. ताईने बागेचं वर्णन वाचलं, वर चिडीचूप. बाजाराचं वाचलं, चिडीचूप. भांडणाला हात घातला की धाड, धाड. डोक्यावर मिरी वाटणे हा वाक्प्रचार तिने आजवर नुसता वाचला होता.

तिने मालकाला फोन केला. मालकाने अगत्याने सगळं ऐकून घेतलं आणि कानात कापूस घालायचा सल्ला दिला. कापूस माणसाच्या कानात जातो, मायक्रोफोनच्या नाही, हे त्याला समजावण्यात तिचा अर्धा तास गेला. म्हातारी खडूस आहे, आपल्याला रंग चढला की तिच्या पोटात दुखतं, अशी ताईची आता खात्रीच झाली.

शेवटी ती जिना चढली. काय काय सुनवायचं ते मुख्याध्यापिकेच्या आवाजात घोकूनच गेली होती. दार उघडलं ते मूठभर अंगाच्या काकूंनी. हातात बत्ता. त्यांनी ताईच्या खांद्यावरून जिन्यात डोकावून पाहिलं, तिला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावून घेतली.

"तो झोपलाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण?"

"लपवू नकोस गं. मला सगळं ऐकू येतं. तो ओरडायला लागला की मी कुटायला बसते. म्हातारीला दुसरं काय जमणार? वर कुणीतरी जागं आहे, एवढं तरी कळू दे मेल्याला."

ताईने पाहिलं, खल रिकामा होता. खालच्या फरशीला चांगला तडा गेला होता.

तिला हसू फुटलं. हसत हसतच तिने कपाट, गोधड्या, कादंबरी सगळं सांगितलं. नवरा मीच आणि बायकोही मीच, म्हणाली. काकूंना काही पटेना. मग तिने तिथेच, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, नवऱ्याचं एक वाक्य म्हणून दाखवलं. काकू दोन पावलं मागे सरल्या.

त्यांनी बत्ता खाली ठेवला.

"वाक्य पुस्तकातलं असेल," त्या म्हणाल्या. "पण असं दात खाऊन, दबक्या आवाजात सुरू करायचं आणि मग चढत जायचं, हे काही पुस्तकात लिहिलेलं नसतं. कुठे ऐकलंस?"

पन्नास आवाज काढणाऱ्या बाईला स्वतःचा आवाज सापडेना. मग तिला रडू आलं, आणि ते तिने आवरलंही नाही.

"सासरी," ती म्हणाली. "तिथे भिंतीला भिंत लागून शेजार होता, काकू. फार शांत माणसं. कधी कुणाच्या हातून साधी वाटीसुद्धा पडली नाही."