नारायणची मिरची

कापसाच्या बाजारातून परतताना वाटेत कुणीतरी म्हणालं, "नारायण गेला." मी विचारलं, "कुठं?" सकाळीच तर तो झाडांना पाणी घालताना दिसला होता... महिना होत आला, पण मला अजून धड उमगत नाही. कुठं म्हणजे काय विचारलं मी!

खामगावात आम्ही भिंतीला भिंत लागून राहिलो. नारायण बाजारात मापारी. मातीशी त्याचा संबंध नव्हता. संबंध होता तो ठेच्याशी. भाकरी कमी पडली तरी चालायची, ठेचा कमी पडला की घर डोक्यावर घ्यायचा. हा माणूस आईच्या अस्थी घेऊन जलंबहून आगगाडीनं काशीला गेला. तिथं रीतीप्रमाणं आवडीची एक वस्तू सोडायची. लोक हुशार, कारलं सोडून येतात. हा मिरची सोडून आला! सरस्वती वहिनींनीही मग मुकाट्यानं मिरची बंद केली.

आणि त्याच वर्षी ह्या गड्यानं परसात मिरची लावली. मी म्हणालो, "काऊन बे? खायाची नाही तं लावतं कायले?" तर म्हणे, "पाहू तं दे!" काय पाहायचं होतं देव जाणे. आण्याचं बी मुठीनं फेकलं. रोपं दाट उगवली, ती उपटून लांब लांब लावायची असतात हे ह्याच्या गावीही नाही. भर उन्हात पाणी द्यायचा. पानं आक्रसून वळली तेव्हा म्हणाला, नजर लागली. आणि दृष्ट काढायला काय घेतलं? मीठ आणि सुक्या मिरच्या! मिरचीची दृष्ट मिरचीनं! आम्ही हसून हसून बेजार झालो. पुढच्या खेपेला मात्र झाडं खरोखर लागली.

मग नवी पंचाईत. तिखट आहे की नाही, हे ह्याला कळावं कसं? ज्याला त्याला तोडून द्यायचा आणि तोंडाकडे बघत बसायचा. मला ती जाळ लागली, तसं सांगितलं. दुसरा म्हणाला, बेताची. कुणाचं खरं मानावं त्याला कळेना. भरवसा फक्त वहिनींच्या जिभेवर. "तू चाखून सांग वं." वहिनी म्हणायच्या, "तुमी नाही तं मी बी नाही." नेम त्याचा, हट्ट तिचा. शेवटपर्यंत रोज हेच.

दहाव्याला नदीवर पिंड मांडला. कावळे झाडावर, पण एकही शिवेना. पुतण्या म्हणाला, काकूले सांभाळीन. नाही. मी म्हणालो, झाडांना पाणी घालीन. नाही. ऊन चढलं. कुणी म्हणालं, पिंडाजवळ मिरची ठेवा. भटजी म्हणाले, काशीचा नेम, मोडता कसा? दुसरा म्हणाला, मेल्यावर कशाचा नेम? कावळ्यांचा राग येत होता, नारायणचाही. सांग ना बाबा, काय पाहिजे तुले!

तेवढ्यात मागं बायकांत बसलेल्या वहिनी उठल्या. पदराची गाठ सोडून हिरवी मिरची काढली, कचकन चावली आणि वर बघून ओरडल्या, "तिखट हाय हो! लय तिखट हाय!"

कावळा उतरला.

परवा त्यांच्याकडे गेलो, तर परसात मिरच्या तोडत होत्या. राहवलं नाही म्हणून विचारलं, "वहिनी, खरंच तिखट होती?" त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली आणला.

"कायची तिखट, भाऊजी... निरं गवत. पन त्यायले सांगू नका."